शिगम्याचा हिरवा बाजूने निळा का पडतो: पातळ थरांच्या रंगीत काचांची दरवर्षीची तक्रार

तक्रार दर वर्षी शिगम्याला, गोव्यातल्या होळीच्या सणाला, येते. चित्ररथ लांबून येत असतो तेव्हा त्यावरचं रंगीत काचेचं पॅनेल निळसर दिसतं, समोर आलं की हिरवंगार होतं आणि पुढे सरकलं की परत निळं. फोंड्याच्या मिरवणुकीत रस्त्याच्या कडेला उभं राहून मी हे स्वतः पाहिलंय. शेजारच्या माणसाला वाटलं मुद्दाम केलेला दिव्यांचा खेळ आहे, त्याने टाळ्या वाजवल्या. पॅनेल मी बनवलेलं होतं, मला घाम फुटला. रथवाल्यांनी हिरवा मागितला होता, मोरपंखी नव्हे.

फोंड्याजवळ आमची कोटिंगची छोटी खोली आहे. एक निर्वात चेंबर, इलेक्ट्रॉन बीम गन, जाडी मोजायला क्वार्ट्झ क्रिस्टल आणि एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश काचेतून किती जातो ते मोजणारं यंत्र. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया) आणि सिलिका यांचे थर आळीपाळीने चढवून आम्ही रंगीत काचा बनवतो: जत्रेतल्या नाटकांच्या दिव्यांसाठी, उपकरणांच्या छोट्या खिडक्यांसाठी, आणि फेब्रुवारी उजाडला की चित्ररथांसाठी. यात रंगद्रव्य नसतं, कुठला रंग आरपार जाणार ते थरांची जाडी ठरवते. हा निळेपणा मी चार वेळा ‘कायमचा’ घालवला आणि चारही वेळा तो परत आला. कारण उशिरा उमगलं. एकाच तोंडवळ्याचे तीन वेगळे दोष आहेत, आणि मी दर वेळी एकाला पकडून बाकीच्या दोघांना मोकळं सोडत होतो. म्हणून उपाय नंतर, आधी चोर ओळखायचा.

ओळखपरेड

खिशातली ५०० ची नोट काढा. सुरक्षा धागा समोरून हिरवा दिसतो, नोट कलती केली की निळा. रिझर्व्ह बँकेने हे मुद्दाम केलंय, कारण झेरॉक्समध्ये ते उतरत नाही. आपल्या काचेचा जो रोग, तोच त्या नोटेचा गुण. कोनामुळे रंग कसा सरकतो हे डोळ्यांत बसवायचं असेल तर याहून स्वस्त नमुना नाही.

आता संशयित काच पांढऱ्या कागदासमोर सरळ धरा आणि हळूहळू कलवा. रंग निळ्याकडे गेला, सरळ केल्यावर परत आला, आणि काचेच्या सगळ्या भागांत सारखाच सरकला, तर तो कोनाचा दोष. त्याच्याकडे पुढे येतोच.

दुसरा संशयित: काचेची कड. मधून पाहिलं की हिरवा, कडेला निळा. लोक म्हणतात, कडेकडे बघताना नजर तिरकी पडते म्हणून. असेलही. पण कडेचा तोच भाग डोळ्यासमोर सरळ आणून बघा. तरीही निळा असेल तर कोनाचा काही संबंध नाही, तिथे थरच पातळ बसलाय. चेंबरमध्ये बाष्प खालून एका ठिकाणाहून वर उठतं. मोठ्या तावदानाची कड त्या ठिकाणापासून दूर आणि तिरकी, म्हणून तिथे माल कमी पोहोचतो. वाटीसारख्या काचेला तर हे फारच छळतं. थर दोन टक्के पातळ म्हणजे रंगही दोन टक्के सरकलेला, हिरव्याच्या ५५० नॅनोमीटर तरंगलांबीत सुमारे ११ नॅनोमीटर. यावर डिझाइन बदलून काही होत नाही. काच फिरती ठेवा, मध्ये आडपडदा लावा, किंवा तावदान लहान घ्या. आमच्या पहिल्या वर्षाची अर्धी तक्रार इथेच होती, आणि मी महिनाभर थरांची गणितं करत बसलो होतो.

तिसरा संशयित अस्सल आपल्या हवेतला. ओलावा.

इलेक्ट्रॉन बीमने, आयन गनच्या (थरावर आयनांचा मारा करणाऱ्या यंत्राच्या) मदतीशिवाय चढवलेला थर भरीव नसतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर खांबांचं रान दिसतं, आणि खांबांमधून फटी. चेंबरमध्ये त्या फटी रिकाम्या असतात. काच बाहेर आली की हवेतलं पाणी त्यांत शिरतं. रिकाम्या जागेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो आणि वाकवतो त्याचा आकडा) १, पाण्याचा १.३३, म्हणजे थर प्रकाशाच्या हिशेबाने जाड होतो आणि रंग तांबड्याकडे सरकतो. काही नॅनोमीटर ते दहाएक नॅनोमीटर, थर किती पोकळ त्यावर. पणजीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मिरगापासून चवथीपर्यंत आमच्या खोलीत मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे थर कसा कोरडा राहणार?

गंमत अशी की ओलावा रंग तांबड्याकडे नेतो आणि तक्रार मात्र निळेपणाची. यातच मी फसलो. पावसाळ्यात बनवलेली काच मी बाकावर मोजायचो, ती ओली. ओल्या थराला हिरवा बरोबर येईल अशी जाडी जुळवायचो. मग ती काच दिव्यापुढे बसायची, दिवा तापायचा, पाणी उडून जायचं आणि रंग निळ्याकडे घसरायचा. दिवा बंद करून काच परत आमच्याकडे येईपर्यंत ती पुन्हा ओली, पुन्हा हिरवी. "दादा, तुमच्या टेबलावर बरी दिसते, आमच्या लाइटात नाही," असं एका नाट्यमंडळाचे प्रकाशयोजनावाले तीन वर्षं सांगत होते आणि मी त्यांच्या दिव्याला दोष देत होतो.

तपासणी सोपी आहे. काच १०० अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटं तापवा आणि गरम असतानाच मोजा. रंग निळ्याकडे हलला तर थर पाणी पितोय. कधी कधी काचेवर गोल गोल डाग पसरताना दिसतात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी आत शिरून बाजूला पसरतं, तेच ते. यावर खरा उपाय आयन गनने थर ठोकून भरीव करणं, किंवा स्पटरिंग, म्हणजे आयनांच्या माऱ्याने माल उडवून थर चढवणं. ते परवडत नसेल तर निदान मोजमाप तरी दिवा ज्या तापमानाला असतो त्या तापमानाला करा. आम्ही आयन गन बसवली. तिच्या हप्त्यांबद्दल इथे बोलत नाही.

हे दोन चोर बाजूला केल्यावर जो निळेपणा उरतो तो कोनाचा. तो कुठेही जात नाही.

तिरकं गेलं की वाट लांबते, मग रंग निळा का?

हा प्रश्न मला प्रत्येक नवा मुलगा विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. तिरका किरण थरातून जास्त लांब जातो. वाट लांबली तर रंग तांबड्याकडे जायला हवा. होतं उलटं.

मांडवीच्या धक्क्यावर उभे राहा. लाटा सरळ धक्क्यावर येत असतील तर दोन लाटांमधलं अंतर धक्क्यापासून थेट बाहेर मोजा, ते लाटेची खरी लांबी भरेल. आता लाटा तिरक्या येऊ द्या. लाटा त्याच, पण धक्क्यापासून सरळ रेषेत बाहेर मोजलं तर दोन शिखरांमधलं अंतर जास्त भरेल. जितक्या तिरक्या, तितकं जास्त. पातळ थरालाही फक्त हे सरळ रेषेतलं अंतर कळतं. थराची जाडी तीच, पण तिरक्या प्रकाशाच्या लहरी तिच्यात कमी मावतात. पूर्वीइतक्याच मावायच्या तर लहर आखूड हवी. आखूड लहर म्हणजे निळा. वाट लांबते हे खरं, पण पृष्ठभागावरून परतणाऱ्या किरणालाही बाहेर जास्त चालावं लागतं, आणि दोघांतला फरक शेवटी कमीच होतो.

हे कळलं की उपायाची दिशाही दिसते. बाहेरचा कोन आपल्या हातात नाही, थरातला कोन आहे. ज्याचा अपवर्तनांक मोठा त्या पदार्थात किरण जास्त वाकून सरळ होतो. बाहेर ६० अंशांनी येणारा किरण सिलिकात (१.४६) सुमारे ३६ अंशांवर येतो, टायटॅनियात (सुमारे २.३५) जेमतेम २२ अंशांवर. लाट धक्क्यावर जवळजवळ सरळ आली की रंग कमी सरकतो.

हिशेबाला एक सूत्र पुरतं. सरळ पाहताना जी तरंगलांबी, तिला एका वर्गमुळाने गुणायचं: १ वजा, कोनाची साइन भागिले प्रभावी अपवर्तनांक, याचा वर्ग. प्रभावी अपवर्तनांक म्हणजे सगळ्या थरांचा मिळून जो एक आकडा धरता येतो तो. तो मोठा असेल तितकं बरं. मोठ्या कोनांना हे सूत्र कच्चं पडतं, कारण ध्रुवणाप्रमाणे, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतात त्याप्रमाणे, रंगाच्या दोन वाटा होतात, पण काच बनवायची की नाही हे ठरवायला एवढं बस.

आमच्या डिझाइनमध्ये पातळ थरांचेच दोन आरसे आणि त्यांच्या मध्ये एक जाडसर थर, म्हणजे स्पेसर, असतो. जुन्या डिझाइनमध्ये हा स्पेसर सिलिकाचा होता. प्रभावी अपवर्तनांक सुमारे १.६७. समोरून ५५० नॅनोमीटरचा हिरवा ३० अंशांना ५२५, ४५ ला ४९८ आणि ६० ला ४७०. म्हणजे हिरव्यातून थेट निळ्यात. तेच थर, फक्त स्पेसर टायटॅनियाचा: प्रभावी अपवर्तनांक १.८५, आणि ६० अंशांना ४८६. स्पेसर अर्ध्या लहरीऐवजी पूर्ण लहरीइतका जाड केला तर १.९६, ६० अंशांना ४९३. जमीन-अस्मानाचा फरक नाही, पण ४५ अंशांना ४९८ ऐवजी ५१३ मिळतो, आणि डोळ्याला हे १५ नॅनोमीटर फार कळतात. डोळ्याची रंगातला फरक ओळखण्याची ताकद ४९० आणि ५९० च्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असते. हिरवा ५१० वरून ४९० ला उतरला की तो नेमका या चोखंदळ पट्ट्यात शिरतो. पुढे ४७० वरून ४६० ला गेला तर कुणी विचारणारही नाही.

म्हणून दुसरा फुकटचा उपाय: सुरुवातच थोडी वरून करा. ५३० ऐवजी ५६०. समोरून हिरवा किंचित पोपटी दिसतो, पण १.९६ च्या डिझाइनमध्ये ४५ अंशांनाही ५२२, म्हणजे हिरवाच. शुद्ध हिरव्याचा हट्ट धरून समोरून ५३० ला बसवलेली जुनी काच त्याच कोनाला ४८० वर, निळ्यात. गिऱ्हाइकाला आधी दोन्ही काचा कलवून दाखवा आणि मग ऑर्डर घ्या. मी हे करत नव्हतो.

जे करून फसलो

थर वाढवले. मला वाटायचं, जितके थर तितका रंग पक्का. समोरून खरंच पक्का होतो, आरपार जाणाऱ्या रंगांच्या पट्ट्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या. पण उभ्या कडेचा पट्टा सरकला की सगळा रंगच सरकतो. उतरत्या, पसरट कडा असलेला साधा नऊ-अकरा थरांचा फिल्टर तेवढाच सरकतो, पण त्यात आधीचा बराचसा प्रकाश शिल्लक असतो, म्हणून डोळ्याला बदल कमी वाटतो. दुरून, बाजूने बघायच्या काचेत शुद्ध रंग आणि स्थिर रंग दोन्ही एकत्र मिळत नाहीत. मापनाच्या उपकरणासाठी थर वाढवा. चित्ररथासाठी नको.

दुसरा प्रयोग: कोटिंगवर वरून काच चिकटवली. तर्क असा की वरची काच किरण आधीच वाकवेल आणि थरावर तो सरळ पडेल. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात एक नॅनोमीटरही फरक पडत नाही. अपवर्तनांक गुणिले कोनाची साइन हा आकडा हवेतून काचेत, काचेतून थरात, सगळीकडे तोच राहतो. प्रकाश शेवटी हवेतूनच येणार असेल तर मध्ये दहा काचा घातल्या तरी थरातला कोन तोच. काच चिकटवल्याने धूळ आणि खारी हवा अडते, हा फायदा खरा. रंगासाठी करू नका.

जे चाललं

पहिलं आणि सगळ्यात स्वस्त: क्रम बदला. आमच्या पॅनेलमध्ये आधी दिवे, मग दुधी अर्धपारदर्शक पत्रा, त्याच्यापुढे रंगीत काच असा क्रम होता. दुधी पत्रा प्रकाश चहूकडे उधळतो, म्हणजे काचेवर सगळे कोन पडतात, आणि बघणाऱ्याचा कोन तोच काचेचा कोन. आता उलट करा. दिव्यापुढे भिंग लावून किरण शक्य तितके सरळ करा, ते काचेतून जाऊ द्या, आणि दुधी पत्रा काचेच्या पुढे, लोकांच्या बाजूला. काचेला सरळच किरण मिळतात, हिरवा ठरतो, आणि तो ठरलेला हिरवा पत्रा सगळीकडे वाटतो. रस्त्याच्या कडेने कुणीही बघो. भिंगातून निघालेले किरण १५ अंशांच्या आत राहिले तर जुन्या १.६७ च्या डिझाइनमध्येही सरकणं ७ नॅनोमीटरच्या आत. एका संध्याकाळचं सुतारकाम. आरशासारखी झळाळी जाते, ती ज्यांना हवी असते ते कुरकुरतात.

नाटकाच्या दिव्यात हे जमत नाही, तिथे पुढे दुधी पत्रा लावला तर झोतच मरतो. तिथे कामाला आलं जुनं जिलेटिन, दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद. प्रकाशयोजनावाले मला सुरुवातीपासून सांगत होते, "आमचा जिलेटिन पेपर कधी बाजूने निळा पडला नाही." मी हसण्यावारी नेलं होतं. ते बरोबर होते. जिलेटिनमधला रंग शोषणाचा. रेणू जो प्रकाश खातो तो कुठल्याही कोनातून आला तरी तोच. त्याचा दोष वेगळा, तापून विटतो.

दोन्ही एकत्र घ्या. दिव्याजवळ आमची कोटिंगची काच, तिच्यापुढे हलक्या हिरव्या रंगाचं जिलेटिन. नको असलेला बराचसा प्रकाश काच मागे परतवते, त्यामुळे जिलेटिनवर ताप कमी पडतो आणि ते टिकतं. दुसरा फायदा मोठा. टायटॅनिया-सिलिकाच्या आरशांचा अडवण्याचा पट्टा ५५० भोवती साधारण ४७८ ते ६४७. त्याच्या बाहेरचा निळा आणि तांबडा प्रकाश गळतोच. तो जिलेटिन खातं, आणि त्याची कड कोनाबरोबर हलत नाही. काच कलली आणि तिचा पट्टा निळ्याकडे गेला की तिथे जिलेटिन आडवं उभं. रंग निळा होत नाही, फक्त मंद होतो. उजेड थोडा कमी झाला तर प्रेक्षक खपवून घेतो. राजाचा हिरवा शेला निळा झाला तर मागच्या रांगेतली आजीसुद्धा विचारते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही हेच चालतं: अवरक्त प्रकाश अडवायला शोषणारी निळसर काच आणि तिच्यावर पातळ थर, दोन्ही मिळून, कारण लहान भिंगातून सेन्सरच्या कोपऱ्यावर किरण बरेच तिरके पडतात.

तिसरा मार्ग चांदीचा. दोन पातळ चांदीचे आरसे, मध्ये एक स्पेसर. जुनी युक्ती आहे, जर्मनीतल्या येना गावी वॉल्टर गेफ्केन यांनी १९३९ मध्येच असे फिल्टर बनवले. यात प्रभावी अपवर्तनांक जवळजवळ स्पेसरचाच असतो. सिलिकाचा स्पेसर घेतला तर ५५० चा हिरवा ६० अंशांना ४४३, म्हणजे जांभळट. टायटॅनियाचा घेतला तर ५११. त्याच चांदीत, फक्त मधला पदार्थ बदलून, १०७ नॅनोमीटरचं घसरणं ३९ वर येतं. मला विचाराल तर कोनाच्या दुखण्यावर एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. शिवाय पट्टा पसरट, आणि तांबड्याची गळती चांदी स्वतःच अडवते.

पण गोव्यात चांदी म्हणजे रोजची कटकट. घरातली समई आठवडाभर पुसली नाही तर काय होतं ते माहीत आहे. आपली चांदी २५-३० नॅनोमीटरची, तिला पुसणारही कोण? कडा एपॉक्सीने पूर्ण बंद करा, नाहीतर हवेतलं गंधक आणि समुद्राचा खार कडेने आत शिरतो आणि काळी रेघ मध्याकडे सरकते. चांदी हळू चढवली तर तिचा थर न होता बेटं बेटं होतात, म्हणून काच थंड, निर्वात चांगला आणि चढवणं झटपट. चांदीच्या आधी काचेवर एक-दोन नॅनोमीटर जर्मेनियम दिलं तर ती सपाट बसते. आणि चांदीवर टायटॅनिया चढवताना सोडलेला ऑक्सिजन चांदीच काळवंडवतो. आधी एक-दोन नॅनोमीटर शुद्ध टायटॅनियम धातू द्या, ऑक्सिजन तोच खाईल. हे न करता मी सहा काचा करपवल्या. सगळं नीट झालं तरी निम्मा-शिम्मा उजेड चांदीच्या पोटात किंवा परत मागे जातो. छोट्या खिडक्यांना चालतं. मोठ्या रथाला नाही.

याच्या पुढची पायरी अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेलं, सिलिकॉन. अपवर्तनांक ४ च्या वर, म्हणजे थरात किरण जवळजवळ सरळच. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये चांदी आणि अतिपातळ सिलिकॉन घेऊन मोठ्या कोनांपर्यंत न सरकणारे रंग दाखवले. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, हार्वर्डच्या गटाने सोन्यावर काही नॅनोमीटर जर्मेनियम चढवून रंग मिळवले होते. थर इतका पातळ की तिरक्या किरणाला सरकायला जागाच उरत नाही, रंग बहुतेक परावर्तनातल्या फेजबदलातून, म्हणजे परतताना लहर जेवढी पुढेमागे सरकते त्यातून, येतो. पण सिलिकॉन निळा-हिरवा प्रकाश बराच खातं. तांबड्यासाठी करून बघण्यासारखं आहे, हिरव्यासाठी माझा धीर होत नाही.

गॉगलवाल्याची तक्रार आणि तारले

एकदा पर्यटकांपैकी एकाने सांगितलं की त्याला पॅनेल वेगळंच दिसतं, बायकोला वेगळं. त्याच्या डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल होता. आधी म्हटलं त्या दोन वाटा याच. तिरक्या प्रकाशातली दोन ध्रुवणं थरांना वेगवेगळी भेटतात. एकासाठी आरसे जास्त चकचकीत होतात आणि पट्टा अरुंद, दुसऱ्यासाठी आरसे फिके आणि पट्टा रुंद. ४५ अंशांनंतर त्यांच्या जागाही फुटतात. उघड्या डोळ्याला दोघांची सरासरी दिसते, गॉगलला एकच.

हे मासळी बाजारात फार पूर्वीच सुटलंय. तारल्याच्या अंगावरची चांदी चांदी नव्हे, ग्वानीनच्या स्फटिकांचे पातळ थर आहेत, अगदी आपल्यासारखेच. २०१२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातले तारले आणि हेरिंग तपासले. त्यांच्या कातडीत दोन जातींचे स्फटिक मिसळलेले असतात. ज्या कोनाला एक जात एका ध्रुवणाचा प्रकाश गमावते, तिथे दुसरी तो सांभाळून घेते. मासा कुठल्याही बाजूने सारखाच चकाकतो, आणि खाणाऱ्याला सापडत नाही. आम्हाला असे स्फटिक पेरता येत नाहीत, पण तेव्हापासून तारले साफ करायला बसलो की हात जरा सावकाश चालतो.

याच ध्रुवणाचा फटका मोजमापात बसतो, आणि तो लक्षात न येता बसतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये रंग वेगळे करणाऱ्या जाळीवरून येणारा प्रकाश थोडाबहुत ध्रुवित असतोच. काच सरळ ठेवून मोजलं तर चालतं, कलती ठेवली की आकडे खोटे बोलतात. पुढे पोलरायझर लावून एकदा उभा, एकदा आडवा मोजा आणि सरासरी घ्या. जाड काच कलवली की झोतही बाजूला सरकतो आणि डिटेक्टरच्या कडेवर पडतो. आकडे अचानक कमी आले तर कोटिंगवर संशय घेण्याआधी हे बघा. साक्षीची काच (मोजण्यासाठी सोबत कोटिंग केलेला नमुना) एक मिलिमीटरची ठेवली की हा त्रास बराच मिटतो. आणि शेवटी रंग ज्या दिव्याखाली दिसणार त्याच दिव्याखाली बघा. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळ्याचं टोक असतं. हॅलोजनमध्ये निर्दोष दिसलेली काच एलईडीत बाजूने निळी वाटते, कारण सरकलेल्या पट्ट्याला तिथे खाद्य मिळतं.

सध्या आमचा क्रम असा: काच गरम करून मोजायची, कड समोर आणून बघायची, मग ०, ३०, ४५ आणि ६० अंशांना दोन्ही ध्रुवणांत आलेख. चार आलेख कागदावर, कागद गिऱ्हाइकाच्या हातात. यंदा चित्ररथाचा हिरवा येताना, समोर आणि जाताना हिरवाच राहिला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण त्याच रथावरचा तांबडा बाजूने किरमिजी दिसला. तिरक्या कोनाला त्यातून निळा प्रकाश गळत होता. तांबड्याला नारिंगी जिलेटिन लावून बघतोय, काच कालच चेंबरमध्ये गेली.